काळूरामची शेवटची खेप

"ड्रॅगनवाली पोरं आपापले फासे टाकून माझ्या टेबलाभोवती येऊन उभी राहतील! रविवारी! सगळ्यांच्या देखत! नाही राहिली तर नाव बदलीन!"

ही प्रतिज्ञा चारुदत्तने खांदा कॉलनीतल्या आपल्या घरात, आमटीत पोळी बुडवता बुडवता केली. समोर त्याची बायको रुचिरा होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भात वाढू का?" लग्नाला बरीच वर्षं झाली की प्रतिज्ञांचं एवढंच होतं.

चारुदत्तला भूमिकांच्या खेळांचं वेड होतं. हे खेळ म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण पनवेलात दहातल्या नऊ जणांना ते माहीत नाहीत आणि दहाव्याला चुकीचे माहीत आहेत. चारपाच माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कुणी चोर, कुणी जादूगार. "मी दार उघडतो," असं म्हणायचं, फासा टाकायचा, आणि दारामागून काय निघालं ते गोष्ट सांगणाऱ्याने सांगायचं. बस्स! पट नाही, सोंगट्या नाहीत, आणि बायकोला पटवून देता येईल असा कुठलाही फायदा नाही.

आता यातही जगभर धो धो चालतो तो एकच खेळ. त्यात ड्रॅगन असतो, तळघरं असतात, तलवारी असतात. त्याचे टीशर्ट निघतात, कॉफीचे मग निघतात. पोरं त्याला नुसतं 'गेम' म्हणतात, जणू जगात दुसरा गेमच नाही! तेवढ्यानेच चारुदत्तच्या कपाळाला आठी पडायची. त्याच्या स्वतःच्या कपाटात पुष्कळ खेळ होते आणि त्यातला एकही कुणी ऐकलेला नव्हता. तीच त्यांची थोरवी! एका खेळात सगळ्यांनी मिळून एक दीपगृह व्हायचं असे. दुसऱ्यात दोन तास कुणी बोलायचंच नसे. एक खेळ मेलेल्या राजाच्या दातांविषयी होता आणि तो लिहिणाऱ्यानेही एकदाच खेळला होता. कुणी चुकून "अरे, हा मी ऐकलाय!" म्हणालं की चारुदत्तचं त्या खेळावरून मनच उडायचं.

आणि या सगळ्यांत थोर, म्हणजे सगळ्यांत कमी माहीत असलेला खेळ होता त्याने स्वतः रचलेला. त्याचं नाव 'खाडी'.

द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या ऑफिसात चारुदत्त नोकरी करत होता. खिडकीतून कंटेनरवर कंटेनर दिसायचे. पूर्वी इथे मिठागरं होती आणि होड्या लागायच्या, असं त्याला कुणीतरी सांगितलं, आणि चहाच्या सुट्टीत हा खेळ जन्माला आला. खाडीकाठचं एक जुनं गाव, आणि त्या गावातली माणसं. 'खाडी'त फासा नव्हता. चारुदत्त म्हणे, "कोकणातला माणूस नशीब पाण्यावर ठरवतो, फाशावर नाही!" तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना पाठ असतं. चारुदत्तने तोच नियम केला. टेबलावर पंचांग उघडं ठेवायचं, मनगटावरचं घड्याळ बघायचं, आणि त्या घटकेला खऱ्या खाडीत पाणी चढतंय की उतरतंय त्यावरून खेळातलं काम होणार की फसणार ते सांगायचं. सांगणारा तो तांडेल, होडीवरचा मुख्य. तांडेल अर्थातच चारुदत्त. तांडेल आधी डोळे मिटतो, बोटांची पेरं मोजतो आणि मग खर्जात बोलतो, असंही नियमातच होतं. तो नियम चारुदत्तनेच चारुदत्तसाठी केला होता.

आठ वर्षांत हा खेळ तीन माणसं खेळली. त्यातला इंद्रजीत ड्रॅगनवाल्यांत गेला. "चारू, दर वेळी चिखलात रुतून कंटाळा आला रे. तिकडे निदान कुणीतरी जिंकतं," असं तोंडावर सांगून गेला. राहिले दोघे, आरोन पेझारकर आणि त्याची मुलगी ओर्ली.

आरोन कोकणातल्या ज्यूंपैकी, बँकेतून निवृत्त झालेला, चारुदत्तपेक्षा दहाबारा वर्षांनी मोठा, आणि जगात चारुदत्तला 'चारू' म्हणणाऱ्या दोन माणसांपैकी आता एकटाच सोबत उरलेला. खेळात तो काळूराम व्हायचा. काळूराम गावाची तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवणारा. आठ वर्षांत त्याने गावातल्या एकेकाला होडीत घालून पलीकडे पोचवलं होतं. नवऱ्या मुली, म्हातारी माणसं, रुसून निघालेले, पोटासाठी निघालेले. स्वतः मात्र तो पलीकडे कधी उतरला नव्हता. तिकडे भाऊ राहत होता, भावाशी भांडण झालं होतं, आणि "त्या मातीला पाय लावणार नाही" अशी काळूरामची शपथ होती. आता शेवटची खेप राहिली होती. या खेपेला तो उतरतो की होडी परत फिरवतो, एवढंच ठरायचं होतं.

आणि ते लवकर ठरायला हवं होतं. कारण येत्या मंगळवारी आरोन, त्याची बायको हेप्झिबा आणि ओर्ली कायमचे इस्रायलला चालले होते. मुलगा यायर आधीच तिकडे होता.

"रविवारी आमच्याकडेच बसू," आरोन म्हणाला होता. "सामान बांधून झालंय, पण टेबल आहे अजून. सहाला भरती आहे ना? तू, मी, ओर्ली. काळूरामचं काय ते करून टाकू आणि जेवायला बसू. हेप्झिबा गव्हाच्या चिकाचा हलवा करतेय. सोमवारी मलिद्याची प्रार्थना आहे, पेणहून, अलिबागहून सगळे यायचेत. मग वेळ नाही मिळणार."

"घरी?" चारुदत्त ओरडलाच. "आठ वर्षांच्या गोष्टीचा शेवट आणि बघायला कोण? तुझ्या सुटकेसी?"

"बघायला कशाला कुणी पाहिजे?"

"पाहिजे! लोकांना कळू दे खेळ कशाला म्हणतात ते! त्या ड्रॅगनवाल्या विश्वजीतचा खेळांचा रविवार आहे ना हॉलवर, तिथे करायचं. भर सभेत!"

"आमच्यातल्या एकेकाला विमानतळावर सोडून आलोय मी, चारू. भाऊ, बहीण, मुलगा. आता माझी पाळी. म्हणून म्हटलं, काळूरामचं जरा शांतपणे करावं."

यावर शहाणा माणूस "बरं" म्हणाला असता. चारुदत्त म्हणाला, "तू बघच!" शेवटी आरोनने मान हलवली. "तुझा खेळ आहे. तू म्हणशील तिथे."

रविवारी हॉलमध्ये पाऊल टाकताच चारुदत्तचं डोकं फिरलं. ड्रॅगनच्या टेबलाला चक्क रांग! कुणी झगे घालून आलेलं, कुणाच्या पाठीवर पुठ्ठ्याची ढाल, आणि सगळ्यांच्या हातांत गोळ्यांसारखे रंगीत फासे. मध्ये विश्वजीत, पंचविशीतला, हसरा, या सगळ्याचा आयोजक. आणि राग यावा तर तोही धड येईना, कारण पोरगा वागायला सोन्यासारखा!

"सर, या ना! तुमचं टेबल कोपऱ्यात ठेवलंय, पंख्याखाली," विश्वजीत म्हणाला आणि मग ओशाळला. "फक्त एक आहे सर. बारापर्यंत तीन खेळाडू झाले नाहीत तर ते टेबल आम्हाला लागेल. खुर्च्याच पुरत नाहीयेत हो."

"तीन काय, तीस होतील!" चारुदत्त म्हणाला.

आरोन आणि ओर्ली, दोन झाले. तिसरा काही होईना. एक झगेवाला रेंगाळत आला.

"काका, यात लेव्हल कशी वाढते?"

"वाढत नाही!"

"मग मारायचं कुणाला?"

"कुणालाही नाही!"

"मग करायचं काय?"

"पाण्याची वाट बघायची!"

पोरगं मान डोलावत आलं तसं गेलं. पलीकडून इंद्रजीतने लाकडी तलवार हलवून "काय चारू, आहे का पाणी?" असं विचारलं. चारुदत्तने तोंड फिरवलं. घड्याळ बाराकडे सरकत होतं, विश्वजीत लांबूनच दिलगिरीच्या नजरेने बघत होता, आणि ओर्ली हळूच म्हणाली, "चारूकाका, घरी जायचं का? बाबा तेच म्हणत होते."

तेवढ्यात दारातून शशिकलाकाकू आल्या. काकू म्हणजे सोसायटीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. योगवर्गाच्या चटया हॉलच्या खोलीत राहिल्या होत्या, त्या न्यायला आल्या होत्या, आणि त्यांचा गुडघा दुखत होता.

"काकू, बसा ना जरा!" चारुदत्तने खुर्ची पुढे केली.

"नको बाई, मला खेळबिळ काही येत नाही."

"नसेना का येत! नुसतं बसा!"

काकू बसल्या. चारुदत्तने विश्वजीतकडे बघून तीन बोटं दाखवली. टेबल वाचलं!

खेळ सुरू झाला. आरोन खुर्चीत जरा वाकून बसला, म्हणजे काळूराम झाला. "तांडेल, शेवटचीच खेप, वेणूच्या सुनेला माहेरी पोचवायचंय. होडी काढू का?"

चारुदत्तने पंचांगावर हात ठेवला. डोळे मिटले. पेरं मोजली. मग खर्जात म्हणाला, "आज अष्टमी. पाणी उतरलंय. आत्ता निघशील तर रुतशील. दुपार उलटली की पाणी वळेल. तेव्हा नीघ. कुणी अडवणार नाही."

काकूंनी गुडघा चोळायचा थांबवला. पंचांगाकडे बघितलं. चारुदत्तकडे बघितलं. आणि हात जोडून, अगदी हळू आवाजात विचारलं, "आमच्या अनुयाने पुण्याची नोकरी घ्यावी का?"

चारुदत्तला गहिवरून आलं! पहिल्याच डावात बाई भूमिकेत शिरल्या! खाडीकाठच्या जुन्या गावात पुण्याची नोकरी कुठून आली, हा प्रश्न त्याला पडला खरा, पण नवखा खेळाडू काळाची गल्लत करतोच, असं त्याने स्वतःला समजावलं. डोळे मिटले, पेरं मोजली. "आज नको. पाणी चढू दे. बोलावणं पुन्हा येईल, आणि भरून येईल."

"तुझी पाळी, ओर्ली," असं तो म्हणेपर्यंत काकू फोन घेऊन बाहेर गेल्यासुद्धा. त्या परत आल्या त्या जवळजवळ धावत. दुखऱ्या गुडघ्यासकट!

"आलं! आलं हो बोलावणं! मी अनुयाला म्हटलं, आज हो म्हणू नकोस. तिने कळवलं, विचार करायला वेळ द्या. तर कंपनीच्या बाईचा स्वतःहून फोन! रविवार असून! पगार वाढवून देतायत! तुम्ही म्हणालात तस्सं! भरून आलं!"

चारुदत्तला आता कुठे उलगडा झाला. "अहो काकू, मी ज्योतिषी नाही! हा खेळ आहे!"

"हो ना!" काकूंनी छताकडे बोट केलं. "सगळा त्याचाच खेळ!"

आरोन इतका हसला की त्याला ठसका लागला. चारुदत्तही हसला. तिथे ते थांबलं असतं तर पुढची कथाच नव्हती. पण काकूंनी योगवर्गाच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या होत्या, आणि खांदा कॉलनीत त्या ग्रुपवर पडलेली गोष्ट पाण्याच्या टँकरच्या बातमीपेक्षा लवकर पसरते.

आधी योगवर्ग आला. मग योगवर्गाचे नवरे आले. एकाला उलव्याचा फ्लॅट कधी ताब्यात मिळेल ते हवं होतं, दुसऱ्याला मुलाचं विमानतळावर काम होईल का ते. एक आजोबा नातीची पत्रिका घेऊन थेट चपला घालून आत आले. चारुदत्त प्रत्येकाला बजावत होता, "मी ज्योतिषी नाही!" आणि प्रत्येक जण शेजारच्याला सांगत होता, "बघा, किती साधा माणूस! स्वतःला ज्योतिषी म्हणवून घेत नाही!"

"असं करू, यांची पटकन बोळवण करतो," चारुदत्त आरोनला म्हणाला. "भरतीला वेळ आहे अजून."

बोळवण म्हणून त्याने पहिल्याला उत्तर दिलं. तांडेलाच्याच आवाजात दिलं, कारण त्याच्याजवळ दुसरा आवाज नव्हता. "ओहोटीला जाळं टाकू नका." उलव्याच्या फ्लॅटवाल्याने डोळे मोठे केले. "म्हणजे वकिलाची नोटीस आत्ता नाही पाठवायची! बरोबर! मला वाटलंच होतं!" आणि तो वाकून पाया पडला.

आणि इथेच माणूस बिघडला. आठ वर्षं या खेळापायी त्याने नुसती थट्टा पाहिली होती. ऑफिसात सांगितलं तर लोक विषय बदलायचे. रुचिरा भात वाढायची. आरोनलासुद्धा एखादेवेळी जांभई यायची. आणि आज ही समोरची माणसं डोळे विस्फारून त्याचा शब्द झेलत होती! तो पेरं मोजायला लागला की पंख्याचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता! चारुदत्तला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की "मी ज्योतिषी नाही" हे तो आधी हळू म्हणायला लागला, मग मनात, आणि मग विसरलाच.

उरणकडची एक बाई टोपली बाहेर ठेवून आत आली. "दादा, आमच्या पोराचं लगीन जमंल का नाय? तेवरं सांगा. आमी लय फिरलो."

चारुदत्तने डोळे मिटले. "पाणी वळलंय."

"हाय? वळलंय?" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "तुमच्या तोंडात साखर परो!"

गर्दी वाढली तशी काकूंनी सूत्रं हातात घेतली. वहीची पानं फाडून त्यांनी नंबर वाटले. "एकाने एकच प्रश्न! पत्रिका उघडून ठेवा! महाराजांचा वेळ घेऊ नका!" चारुदत्तचे महाराज कधी झाले ते त्यालाही कळलं नाही, पण त्याने हरकतही घेतली नाही. रांग कोपऱ्यातून निघून ड्रॅगनच्या टेबलाला वळसा घालून दाराबाहेर गेली.

आणि मग ते घडलं! पहिला एक झगा उठला. मग दुसरा. "माझं कॅम्पसमधून होईल का, विचारून येतो हं," म्हणत ढालवाला उठला. फासे टेबलावर टाकून ड्रॅगनची सगळी सेना चारुदत्तच्या रांगेत येऊन उभी राहिली. त्यात इंद्रजीतही होता, लाकडी तलवार काखोटीला मारून! विश्वजीतच्या टेबलावर विश्वजीत एकटा. चारुदत्तने हे डोळे भरून पाहिलं. अगदी म्हणाला तसंच झालं होतं!

"चारू," आरोन कानाशी वाकला, "साडेपाच होत आले."

"आलोच! एवढे दोन घेतो."

मग ओर्ली आली. "चारूकाका, पाणी भरत आलं."

"हो गं! हे आजोबा लांबून आलेत, त्यांना कसं उठवू?"

आजोबा समोरच्या इमारतीतले होते.

याच सुमाराला काकूंची नजर आरोन आणि ओर्लीच्या खुर्च्यांवर गेली. "ओ भाऊ, तुम्ही सकाळपासून बसलायत! तुमचं विचारून झालं ना? मग उठा की! मागे माणसं ताटकळतायत!"

"आमचं झालं नाही अजून," आरोन म्हणाला.

"मग नंबर घ्या! इथे वशिला नाही!"

आरोनने चारुदत्तकडे बघितलं. चारुदत्तचे डोळे मिटलेले होते. तो पेरं मोजत होता. आरोन उठला, काकूंनी दिलेला कागदाचा कपटा मुकाट्याने घेतला आणि आपल्याच खेळाच्या रांगेत सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभा राहिला. त्याच्या पुढे इंद्रजीत होता.

चारुदत्तला हे सगळं नंतर ओर्लीने सांगितलं. त्या वेळी त्याच्यापुढे बदलीचा प्रश्न घेऊन एक तलाठी बसले होते आणि अष्टमीची भरती अगदी काठोकाठ होती, म्हणून तो तलाठ्यांना जोरात सांगत होता, "हीच वेळ! आत्ता सोडली तर पुन्हा येणार नाही! निघा!"

तलाठी निघाले. त्यांच्या मागून बाकीचे निघाले. हॉल सातला बंद व्हायचा होता, दिवे लागले होते, आणि काकू उरलेल्यांना "आता पुढच्या महिन्यात!" म्हणून वाटेला लावत होत्या. चारुदत्तने आळोखेपिळोखे दिले. त्याचा घसा बसला होता आणि चेहरा फुलला होता.

"आरोन! बघितलंस?" तो ओरडला. "बघितलंस का? सगळा ड्रॅगन रिकामा केला! चल, आता काळूराम! आरोन?"

कोपऱ्यात कुणीच नव्हतं. मग दिसले. हॉलच्या दुसऱ्या टोकाला, ड्रॅगनच्या रिकाम्या टेबलाशी तिघं बसली होती. आरोन, ओर्ली आणि विश्वजीत. विश्वजीत रुमालाने डोळे पुसत होता.

चारुदत्त जवळ जाताच तो ताडकन उभा राहिला. "सर! काय खेळ आहे हो तुमचा! मी एवढी वर्षं खेळतोय, असं कधी झालं नव्हतं! शेवटी होडी काठाला लागते ना, तेव्हा..." त्याने चारुदत्तचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला.

हे शब्द ऐकायला चारुदत्त आठ वर्षं जगला होता. आज ते ऐकून त्याने हात सोडवून घेतला. "म्हणजे? तुम्ही खेळलात?"

"सहा वाजले ना," आरोन म्हणाला. "पाणी कुठे थांबतंय कुणासाठी? पोरगा एकटाच बसला होता. म्हटलं, तू हो तांडेल. ओर्लीने नियम सांगितले."

"पण पंचांग तर माझ्याकडे होतं!"

"त्याच्याकडे फासा होता."

"फासा? 'खाडी'त फासा?" चारुदत्तचा बसलेला घसा चिरकला. "काळूराम फाशावर नेलात?"

"नेला. छान नेला त्याने. घाई केली नाही. मध्ये उठला नाही."

हे आरोनने रागाने म्हटलं असतं तर चारुदत्तला भांडता आलं असतं. आरोन नेहमीच्याच आवाजात बोलला आणि खुर्चीवरची पिशवी उचलायला वाकला. हेप्झिबाने दिलेला हलव्याचा डबा त्याने काढून टेबलावर ठेवला. "हा तुझा आणि रुचिराचा. तिला सांग, डबा परत द्यायची गरज नाही."

चारुदत्तने तेच विचारलं जे विचारायचा त्याला हक्क उरला नव्हता. "उतरला का तो? काळूराम? पलीकडे उतरला, की परत फिरला?"

आरोन म्हणाला, "दिवसभर सगळ्या पनवेलचं सांगत होतास, चारू. त्याचंही सांग की."

चारुदत्तने सवयीने डोळे मिटले. बोटं पेरांवर गेली. पेरं मोजून झाली तरी आत काहीच उमटेना. त्याने डोळे उघडले.

"उतरला असेल," तो म्हणाला.

"असेल म्हणजे? बाकीच्यांना तर छातीठोक सांगत होतास."

"आरोन, सांग ना रे."

"सांगून काय उपयोग? तिथे असायला हवं होतं." आरोनने त्याच्या खांद्यावर थाप मारली, ओर्लीला खूण केली आणि दोघं निघाली. दारापाशी ओर्ली वळली, तिला काहीतरी सांगावंसं वाटलं असावं, पण बापाने तिचा हात धरला होता.

चारुदत्तने विश्वजीतला गाठलं. "विश्वजीत, तू सांग. काय झालं?"

"सर, काकांनी शपथ घातलीय." विश्वजीतला अगदी मनापासून वाईट वाटत होतं. "पण पुढच्या महिन्याचं बोलायचं होतं. तुमच्यासाठी मोठं टेबल ठेवतो, मधलं. शशिकलाकाकूंकडे आत्ताच नंबर संपलेत."

"'खाडी' खेळायला?"

विश्वजीत पोरगा खोटं बोलणारा नव्हता. तो खाली बघून खुर्च्या लावायला लागला.

सोमवारी चारुदत्त आरोनकडे मलिद्याला गेला. पेणचे, अलिबागचे पाहुणे होते, नारळ घातलेल्या गोड पोह्यांचं ताट मध्ये होतं, आणि त्या सगळ्या माणसांत आरोनशी दोन शब्दही एकट्याने बोलता आले नाहीत. मंगळवारी ऑफिसातून रजा मिळाली नाही.

पण ते पुढचं. रविवारी हॉलमधून तो घरी आला तेव्हा रुचिरा टीव्ही बघत बसली होती. त्याने डबा ओट्यावर ठेवला, पंचांग खुंटीला अडकवलं आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"झाला का काळूराम?" तिने विचारलं.

"झाला."

"कसा झाला?"

चारुदत्तने तांब्या खाली ठेवला.

"गर्दी खूप होती," तो म्हणाला.